सात जणींच्या मागोमाग

१८ एप्रिल १९६६, सोमवार. मुंबईच्या रस्त्यावर तुम्ही उभे आहात. ऊन टाळूवर आलंय. ट्राम दोन वर्षांपूर्वीच बंद झाली. लाल डबलडेकर धूर सोडत निघून जाते आणि तिच्यामागून मोर्चा दिसतो.

तुम्ही मोजता. सात बायका. पुन्हा मोजता, तरी सातच. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसांचे लोंढे पाहिलेलं हे शहर. त्याला सात जणींचं काय अप्रूप?

पण थांबा, त्यांचं म्हणणं ऐका. या मुसलमान बायका आहेत आणि विधिमंडळाकडे निघाल्यात. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सगळ्यांना एकच नागरी कायदा द्या! घरात पुटपुटायलाही जीभ अडखळावी, ते त्या भररस्त्यात मागताहेत.

मोर्चा काढलाय हमीद दलवाईंनी. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस, वय ३३, अत्र्यांच्या ‘मराठा’ दैनिकातला पत्रकार. सातांपैकी एक त्यांची पत्नी, मेहरुन्निसा. लेखणी चालवणारे पुष्कळ असतात. आपल्या घरापासून सुरुवात करणारे थोडे.

या सात जणींच्या जोडीने चार पावलं चाला. डांबर चपलेला चिकटतंय, फलक धरून तळहात घामेजलाय. तो फलक कशासाठी, ते डोळ्यांपुढे आणा. बाई चुलीपाशी भाकरी थापतेय. नवरा एकच शब्द तीनदा उच्चारतो, नाहीतर पोस्टाने पत्र धाडतो. तव्यावरची भाकरी उलटायच्या आत ती त्या घरात परकी झालेली असते. इद्दतीचे, म्हणजे तलाकनंतरच्या प्रतीक्षेचे, तीनेक महिने सरले की पोटगीही सरली. तिचं म्हणणं कुणी विचारलेलंच नसतं. आणि या साती जणींना संध्याकाळी आपल्याच माणसांत परत जायचंय. म्हणून मला हा आकडा फार मोठा वाटतो.

आता पुढे सरका. २२ मार्च १९७०, पुणे : दलवाई मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करतात. नावातच जोतीराव फुल्यांशी नातं आहे. ३ मे १९७७ : मूत्रपिंडाच्या आजाराने ते जातात, अवघ्या ४४व्या वर्षी. मेहरुन्निसाभाभी मात्र काम सोडत नाहीत.

२२ ऑगस्ट २०१७. सर्वोच्च न्यायालय तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवतं. मोर्चाला ५१ वर्षं झालीत. मेहरुन्निसाभाभी त्याच जूनमध्ये गेल्या. निकाल त्यांना ऐकायला मिळाला नाही.

बहुपत्नीत्वबंदीची मागणी मात्र तशीच राहिलीय. मुसलमान बाईला सवतीपासून वाचवणारा देशभराचा कायदा अजून झालेला नाही.