छप्पर आधी, भिंती नंतर : शिरपूरचं धाब्याचं घर, किल्लारी आणि माझं थ्रीडी मॉडेल

(या भागाचं लेखी रूप. बोलताना जे पुढे-मागे झालं होतं ते थोडं नीट लावलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

कानात इअरफोन घालून बसमध्ये ऐकत असाल, तर एकदा खिडकीबाहेर बघा आणि दिसणाऱ्या घरांची छपरं मोजा. स्लॅब, पत्रा, स्लॅब, पत्रा, मध्येच एखादं कवेलूचं. धाबं दिसलं तर तुम्ही नशीबवान. आजचा भाग त्या धाब्याबद्दल आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेक केलं, पुण्यात नोकरी, दिवसभर कोड. गाव शिरपूर जैन, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम. अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे गावाचं नाव लांबवर माहीत आहे. आमचं घर मात्र कोणाला माहीत असायचं कारण नाही. पुढे दोन खणांचं धाबं, मागे एल आकाराचं स्वयंपाकघर आणि पडवी, त्यावर कवेलू. मागच्या उन्हाळ्यात बाबा म्हणाले, "पाडून स्लॅब टाकू." आजी म्हणाली, "मी असेपर्यंत नाही." मी मधला मार्ग काढला. म्हटलं, आधी घराचं थ्रीडी मॉडेल करतो, मग ठरवू. दोन दिवसांचं काम वाटलं होतं. सहा आठवडे लागले.

पहिली अडचण : कवेलूचं छप्पर जुळेना

घर डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये छप्पर आपोआप बनतं. भिंती काढा, उतार सांगा, बटण दाबा. चौकोनी घर असेल तर झकास. आमचं एल आकाराचं. मोठी बाजू १४ फूट रुंद, छोटी १० फूट. मला वाटलं दोन्हीकडची आढी एका उंचीवर आली की छान दिसेल, म्हणून तशी ओढून बसवली. झालं! जिथे दोन छपरं भेटतात तिथे भोक पडलं, आणि एक तिरकं त्रिकोणी तुकडं हवेत तरंगायला लागलं. तीन रात्री मी सेटिंग बदलत बसलो.

शेवटी फोटो काढून गावातल्या म्हाताऱ्या सुतारकाकांकडे गेलो. लॅपटॉप उघडला. त्यांनी स्क्रीनकडे बघितलंच नाही, आमच्या खऱ्या छपराकडे बोट दाखवलं.

"पाय पोरा, पाणी कुठून जाईन ते पयले पाय. मंग लाकूड काप. दोन्ही पाख्याचा ढाळ एकच ठेव, वळचण एका लेव्हलात ठेव. लहान बाजूचं आढं आपोआप खाली येते. तू त्याले कायले वर ओढतं?"

आता हिशोब बघा. उतार बारा इंचाला सहा इंच धरला, तर १४ फुटांच्या बाजूचं आढं वळचणीपासून साडेतीन फूट वर जातं (अर्धी रुंदी सात फूट, त्याच्या निम्मं). १० फुटांच्या बाजूचं अडीच फूट. एक फुटाचा फरक पडायलाच हवा. मी तो जबरदस्तीने मिटवला, म्हणून छोट्या बाजूचा उतार वाढला आणि मधली पन्हळ कोपऱ्यातून सरळ निघायच्या ऐवजी भलतीकडे गेली. ढाळ आणि वळचण सारखी असेल तर पन्हळ कोपऱ्याचा बरोबर अर्धा भाग करत जाते. मी आढ्याची उंची सोडून दिली, ढाळ सारखा केला, आणि दोन मिनिटांत छप्पर बसलं.

आणि इथे मला, कोड लिहिणाऱ्या माणसाला, गंमत वाटली. कारण सुतारकाकांचा नियम म्हणजे एक प्रसिद्ध अल्गोरिदम आहे. घराचा नकाशा घ्या, त्याच्या सगळ्या कडा एकाच वेगाने आत सरकवा. कोपरे सरकताना ज्या रेषा आखत जातात त्या तुमच्या कोनवाशाच्या आणि पन्हळीच्या रेषा. कडा जिथे एकमेकींना भिडतात तिथे आढं. संगणकशास्त्रात याला स्ट्रेट स्केलेटन म्हणतात. १९९५ साली आयखहोल्झर, आउरेनहामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो या नावाने मांडला. पण त्याच्या शंभरेक वर्षं आधी, १८७७ मध्ये, गुस्ताव पेश्का नावाच्या भूमितीच्या माणसाने छपरांच्याच संदर्भात ही कल्पना लिहून ठेवली होती. आणि आमचे सुतारकाका सातवी शिकलेत.

हे सॉफ्टवेअर आलं कुठून?

थोडक्यात सांगतो. १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलंडने स्केचपॅड केलं. स्क्रीनवर प्रकाशाच्या पेनाने रेष काढायची आणि "या दोन रेषा समांतर ठेव" असं मशीनला सांगायचं. १९८२ मध्ये ऑटोकॅड आलं, छोट्या कॉम्प्युटरवर चालणारं. १९८४ मध्ये हंगेरीत आर्किकॅड. २००० साली स्केचअप, ज्याने थ्रीडी आपल्यासारख्या साध्या माणसाच्या हातात दिलं.

पण माझ्या कामाची गोष्ट त्याहून जुनी आहे. १८३०च्या दशकात अमेरिकेत, शिकागोच्या भागात, घर बांधायची नवी पद्धत रुळली. जाड खांब नाहीत, बारीक फळ्यांची चौकट, खिळ्यांनी ठोकलेली. त्या उभ्या फळ्या आजही तिथे साधारण १६ इंचांवर लावतात. म्हणजे तिथे भिंत हाच सांगाडा, आणि छप्पर भिंतीवर बसतं. घर डिझाइनची बरीच सॉफ्टवेअरं अशा घरांसाठी तयार झाली. म्हणून फ्रेमिंगचं बटण दाबलं की ती भिंतीत दर १६ इंचांवर लाकूड उभं करतात.

मी दाबलं. आजीच्या दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतीत सॉफ्टवेअरने अमेरिकन फळ्या उभ्या केल्या! स्क्रीनशॉट मित्रांच्या ग्रुपवर टाकला, सगळे हसले. मी पण हसलो. पण त्या चुकीनेच पुढचा प्रश्न विचारायला लावला.

दुसरी अडचण : छत नेमकं कशावर आहे?

आपल्याकडे घर भिंतींनी मोजत नव्हते. खणांनी मोजायचे. "किती खणांचं घर?" असं विचारायचे. खांब, खांबांवर तुळई (आमच्याकडे मयाल म्हणतात), त्यावर कड्या, कड्यांवर पाट, आणि पाटांवर मातीचा थर. हे झालं धाबं. चांगल्या घरात वजन लाकूड पेलतं. भिंत नुसती ऊन, चोर आणि वारा अडवते. म्हणजे पद्धत उलटी : छप्पर आधी, भिंती नंतर.

म्हणून मी ऑटो फ्रेमिंग बंद केलं. भिंतींना "वजन पेलत नाहीत" असं लावलं, आणि खांब-मयाल एकेक करून हाताने बसवले. प्रत्येक मयालीचं टोक कशावर टेकलंय ते सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. त्यासाठी टॉर्च घेऊन शिडीवर चढलो. पहिलं टोक खांबावर. दुसरं खांबावर. तिसरं खांबावर. चौथं, आजीच्या खाटेच्या बरोबर वरचं, थेट दगडाच्या भिंतीवर.

आजीला विचारलं. ती म्हणाली, "तिथला खांब वाळवीनं खाल्ला होता. तुझ्या आजोबांनी काढून टाकला. भिंत होतीच ना."

३० सप्टेंबर १९९३

आता इतिहासाचा तो भाग, ज्यासाठी खरं तर हा एपिसोड केला.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा तेव्हा जन्म नव्हता, माझाही नव्हता. १९९३ सालचं गणेश विसर्जन नुकतंच झालं होतं. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबाद सीमेवर किल्लारी परिसरात भूकंप झाला. तीव्रता ६.२च्या आसपास. जगाच्या मानाने हा काही राक्षसी भूकंप नव्हे. तरी हजारो माणसं गेली, मृतांचा आकडा दहा हजारांच्या घरात सांगतात. भारताच्या तेव्हाच्या भूकंप नकाशात हा भाग झोन एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे २००२ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा झोन एक ही वर्गवारीच काढून टाकली.

माणसं का गेली? घरांमुळे. जाड दगडी भिंती, पण दोन बाजूंना दोन थर आणि मध्ये गोटे-माती भरलेली. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड कमी, किंवा नाहीतच. हादऱ्याने दोन्ही थर फाकले. आणि वर मातीचं धाबं, काही ठिकाणी दोन फुटांहून जास्त जाड.

पण पाहणी करणाऱ्या इंजिनिअरांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. जिथे छत लाकडी खांबांवर होतं, तिथे कित्येक घरांत भिंती कोसळल्या तरी छताचा सांगाडा उभा राहिला. जिथे तुळया थेट भिंतीवर टेकल्या होत्या, तिथे भिंत गेली की छत खाली. तेच लाकूड, तीच माती. फरक एवढाच, की टोक कशावर टेकलंय.

नंतर सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन केलं. ५२ गावं पूर्ण नव्याने बांधली. बाकीच्या हजारो घरांसाठी दुरुस्तीच्या सूचना आल्या : धाब्यावरची माती कमी करा, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरकस टेकू द्या, भिंतीत आरपार दगड घाला. पण धक्का एवढा मोठा होता, की दगडमातीच्या घरावरून कित्येकांचं मनच उडालं. सिमेंट म्हणजे सुरक्षित, हे समीकरण तेव्हापासून आणखी पक्कं झालं. बाबांचा स्लॅबचा हट्ट मला तेव्हा कळला. त्यांनी ती सकाळ रेडिओवर ऐकली होती.

आमच्या छताचं वजन

सॉफ्टवेअरने मला छताची जाडी विचारली होती. मी न बघता सहा इंच टाकले होते. आता वर जाऊन एका कोपऱ्यात सळई घालून मोजलं. दीड फूट! कारण सोपं आहे. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला पांढरी माती टाकायची, जुनी कोणी काढायचं नाही. आजोबांनी टाकली, काकांनी टाकली, बाबांनी टाकली.

गणित करा. एक घनमीटर मातीचं वजन साधारण १६०० किलो. दीड फूट म्हणजे ०.४५ मीटर. एका चौरस मीटरवर झाले ७२० किलो. आजीची खोली तीन बाय चार मीटर, म्हणजे बारा चौरस मीटर. एकूण साडेआठ टनांच्या वर! पाच इंची सिमेंटचा स्लॅबसुद्धा चौरस मीटरला सव्वातीनशे किलोच्या आत असतो. आजीच्या डोक्यावर आम्ही स्लॅबच्या दुपटीहून जास्त वजन ठेवलं होतं, आणि त्याचं एक टोक सुट्या दगडांवर.

मॉडेलमध्ये सगळं हिरवं दिसत होतं. एकही वॉर्निंग नाही. सॉफ्टवेअरला भूमिती कळते. माती किती पिढ्यांची आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मग काय केलं?

आजीची खाट त्याच रात्री ओसरीत आणली. तिने कुरकुर केली, पण आली. दुसऱ्या दिवसापासून मयालीला तात्पुरते टेकू लावले. सुतारकाकांनी जुन्या गोठ्यातला सागवानी खांब तासून दिला, खाली दगडी उथळं बसवलं, म्हणजे वाळवी आणि ओल लांब राहील. कोपऱ्यात तिरकस टेकू दिले. मग वरची माती उतरवली. ट्रॅक्टरच्या किती ट्रॉल्या निघाल्या ते मोजायचं राहून गेलं. जाड प्लास्टिकचा कागद अंथरून वर सहा इंच माती परत टाकली. एक सांगतो, हे सगळं जाणत्या सुताराच्या आणि एका सिव्हिल इंजिनिअर मित्राच्या नजरेखाली केलं. व्हिडिओ बघून स्वतः मयाल उचलायला जाऊ नका.

सगळं बरं झालं असंही नाही. माती कमी झाली तशी खोली तापते. मे महिन्यात आजी म्हणाली, "तुझ्या कॉम्प्युटरनं माझा गारवा नेला." ती चूक नाही. तो दीड फुटाचा थर वऱ्हाडाच्या उन्हासाठीच तर होता. आता वर चुना मारलाय, थोडा फरक पडतो. बाबा अजून स्लॅबचंच म्हणतात, फक्त आवाज जरा खाली आलाय. आणि दगडी भिंतीत आरपार दगड घालायचं काम बाकी आहे. ते या दिवाळीनंतर.

गावातलं पवळी मंदिर मी लहानपणापासून बघतोय. हेमाडपंती धाटणीची दगडी देवळं, चुन्याशिवाय दगडावर दगड. अशा देवळांच्या छतात चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरके दगड ठेवत भोक लहान लहान करत नेतात, आणि शेवटी एक शिळा झाकण म्हणून बसते. प्रत्येक दगडाचं टोक कशावर टेकलंय हे बांधणाऱ्याला ठाऊक असायलाच हवं, नाहीतर ते पहिल्याच दिवशी खाली. आम्हाला आमच्या घराचं ठाऊक नव्हतं.

तर या आठवड्याचं होमवर्क. गावी जाल तेव्हा धाब्याच्या किंवा माळवदाच्या घरात आजी-आजोबांना दोन प्रश्न विचारा : वर किती वर्षांची माती आहे? आणि कुठला खांब कधी काढला होता का? उत्तर व्हॉइस नोटमध्ये रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं, तर आधी खाट हलवा, मग व्हॉइस नोट पाठवा.

भेटू पुढच्या भागात.