भरतीच्या पातळीखालची शेती : गोव्यातील खाजन आणि गावकरी

मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या मुखांतून समुद्राची भरती गोव्याच्या अंतर्भागात खूप आतपर्यंत शिरते, आणि तिसवाडी, बारदेश व साष्टी या तालुक्यांतील भातशेतीचा मोठा भाग या भरतीच्या पातळीपेक्षा सखल जमिनीवर वसलेला आहे. खाडीकाठच्या दलदलीला बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडवलेल्या अशा जमिनीला खाजन म्हणतात. ही सोडवणूक एकदा करून संपणारी नसते. ती दर भरतीला नव्याने करावी लागते, आणि म्हणूनच खाजनाचा इतिहास हा मुळात ते राखणाऱ्या मंडळींचा इतिहास आहे.

तो बराच जुना आहे. कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्मन् या राजाचा, इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या आसपासचा मानला जाणारा बांदिवडे येथील ताम्रपट खज्जन जमिनीच्या दानाचा उल्लेख करतो. म्हणजे त्या काळीही अशी जमीन दान देण्याजोगी, कसण्याजोगी संपत्ती समजली जात होती. एकट्या कुटुंबाला खाडीचा बांध घालणे आणि टिकवणे शक्य नसल्याने, ज्या मूळ घराण्यांनी मिळून जमीन वसवली त्यांचे वंशज तिची सामायिक मालकी सांगत, आणि अशा गावकारांच्या संस्थेला गावकरी हे नाव होते. गावकरी आपली शेते ठरावीक मुदतीने पावणी करून, म्हणजे लिलाव पुकारून, कसायला देई. आलेल्या उत्पन्नातून सरकारचा धारा, देवस्थानाचा खर्च आणि बांधांची डागडुजी भागवून जे उरे ते गावकारांमध्ये वाटले जाई, आणि या वाट्याला जोण म्हणत. येथे क्रम महत्त्वाचा आहे : बांधाचा खर्च आधी, वाटा नंतर.

बांध म्हणजे केवळ मातीचा ढीग नव्हे. खाडीच्या बाजूला, जेथे लाटांचा मारा असतो तेथे, जांभ्या दगडाची भिंत असते, आणि आतल्या बांधांत चिकणमाती, भाताचा पेंढा व खारफुटीच्या फांद्या थरांनी दाबून बसवलेल्या असतात. बांधाच्या मुखाशी मानस असते. मानस म्हणजे लाकडी दारे बसवलेले पाण्याचे द्वार, ज्याची दारे भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की आपोआप मिटतात आणि ओहोटी लागल्यावर आत साठलेल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने उघडतात. मानशीच्या आत पोंय नावाचा खोलगट जलाशय राखलेला असतो, जो झिरपून आलेले पाणी शेतापर्यंत पोचू देत नाही. पावसाळ्याच्या आरंभी पहिल्या सरींनी मातीतले मीठ धुऊन गेल्यावरच पेरणी होते, आणि त्यासाठी कोरगूटसारखे खारटपणा सोसणारे भात पिढ्यान्‌पिढ्या निवडून जपले गेले. या सगळ्या रचनेचा सर्वांत मोठा शत्रू वादळ नव्हे, तर खेकडा होय. खेकड्याने पोखरलेल्या बिळातून ओघळणारी धार वेळीच बुजवली नाही, तर उधाणाच्या भरतीला त्याच जागी खिंडार पडते आणि एका रात्रीत साऱ्या खाजनात खारे पाणी पसरते. बांधावरून रोज फिरून अशी बिळे शोधणारा माणूस गावाने नेमलेला असे, आणि त्याला मिळणारा मोबदला हा गावाच्या खर्चातील सर्वांत सार्थ खर्च म्हटला पाहिजे.

पोर्तुगीजांनी तिसवाडी जिंकल्यानंतर ही व्यवस्था मोडली नाही. महसूल हवा असेल तर ती चालू राहणे त्यांनाही भाग होते. महसूल खात्याचा प्रमुख अफोंसो मेशिया याने १५२६ मध्ये गावकारांचे रीतिरिवाज संकलित करून फोराल नावाची सनद काढली, जी आजही गावकरीच्या अभ्यासाचा पहिला लेखी आधार मानली जाते. मात्र सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, त्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवले गेले, आणि गावकरीचे नावही कालांतराने कोमुनिदाद झाले. कारभारावरील सरकारी देखरेख क्रमाने घट्ट होत गेली, आणि १५ एप्रिल १९६१ रोजी, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या अवघे आठ महिने आधी, कोमुनिदादींची सविस्तर संहिता जारी झाली.

या संस्थेचे गुणगान करताना एक गोष्ट झाकली जाऊ नये. जोण मूळ घराण्यांच्या पुरुष वंशजांनाच मिळे. स्त्रियांना तो हक्क नव्हता, आणि गुडघाभर चिखलात उतरून बांध भरणाऱ्या गावडा-कुणबी श्रमिकांचा मालकीत वाटा नव्हता. गोव्याबाहेर, तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील खारेपाटातही, ज्यांनी श्रम करून खार जमीन पिकाऊ केली त्यांनाच ती परकी राहिल्याने चरी गावच्या शेतकऱ्यांचा १९३३ ते १९३९ असा दीर्घ संप घडला. म्हणून १९६४ चा गोव्याचा कूळ कायदा आणि कुळांना जमिनीचे मालक ठरवणारी १९७६ ची दुरुस्ती हा न्याय होता, आणि तो उशिरा झाला.

पण जमीन वाटली गेली तसा बांध वाटता येत नव्हता. १९७५ च्या नियमांनी बांध व मानशी राखण्याचे संयुक्त दायित्व कुळांच्या संघटनांवर सोपवले. मानशीतील मासेमारीच्या पावणीचे उत्पन्न त्या कामी यावे, ही कल्पना योग्यच होती. अनेक ठिकाणी मात्र तेच उत्पन्न विनाशाचे कारण झाले. कोळंबी व मासे अधिक मिळावेत म्हणून मासेमारीची पावणी घेतलेला ठेकेदार मानशीची दारे उचलून भरतीचे पाणी हवे तेवढे आत घेऊ लागला, आणि ज्यांनी शेती सोडून नोकरी धरली होती त्या सभासदांना भातापेक्षा पावणीची रक्कम जवळची वाटू लागली. खनिज वाहून नेणाऱ्या बार्जांच्या लाटांनी नदीकाठचे बांध झिजले, आणि त्याची भरपाई कोणी करायची हे ठरवण्यातच हंगाम गेले.

किनारपट्टी नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेने गोव्यातील खाजनांना स्वतंत्र संरक्षण दिले, हे स्वागतार्ह आहे. परंतु कागदावरचे संरक्षण बीळ बुजवत नाही. पडीक खाजनात खारे पाणी शिरल्यावर काही वर्षांतच खारफुटी मूळ धरते, आणि खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्याने ती तोडून भात लावण्याची वाट नंतर बंद होते. त्यामुळे खिंडार पडल्यावर ते त्याच हंगामात भरले गेले नाही, तर ते शेत पुन्हा शेत होण्याची शक्यता फार थोडी उरते.