'मुळे' की 'सोबत'? कॅडेट्सवरच्या संशोधनाचा छोटा इतिहास

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलात की शीर्षकात 'परिणाम' हा शब्द फार पटकन येतो. 'आत्मविश्वासाचा कौशल्यविकासावर होणारा परिणाम' वगैरे. पण परिणाम दाखवायचा म्हणजे नेमकं काय करावं लागतं? हे समजून घ्यायला लष्करी प्रशिक्षणार्थींवरचे अभ्यास वाचा. तिथे सगळ्यांची दिनचर्या, कवायत, परीक्षा साधारण एकसारखीच असते, त्यामुळे माणसामाणसांतला फरक नीट तपासता येतो.

१९७७ मध्ये अल्बर्ट बांडुरा यांनी 'सेल्फ-इफिकसी' ही संकल्पना मांडली. सरसकट आत्मविश्वास नव्हे, तर 'हे विशिष्ट काम मला जमेल' हा विश्वास. तो स्वतःच्या यशातून येतो, दुसऱ्याला जमलेलं पाहून येतो, कुणी पटवून दिल्याने येतो आणि शरीर-मनाच्या अवस्थेवरही ठरतो.

आता हे तपासायचं कसं? डोव्ह इडन आणि अब्राहम शानी यांचा १९८२ चा अभ्यास बघा. इस्रायली सैन्यातला १५ आठवड्यांचा कोर्स, १०५ प्रशिक्षणार्थी. काही जणांमध्ये नेतृत्वाची क्षमता जास्त आहे, असं प्रशिक्षकांना सांगितलं गेलं. खरं तर ती नावं यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली होती. तरीही कोर्सअखेर त्यांचेच गुण जास्त आले!

इथे अपेक्षा प्रशिक्षकांची होती. मग खुद्द कॅडेटचाच विश्वास वाढवला तर? १९९५ मध्ये इडन आणि झुक यांनी २५ नौदल कॅडेट्सचे दोन गट केले. एका गटाला सांगितलं, 'तुम्हाला बोट लागण्याची शक्यता कमी आहे, आणि लागलीच तरी कामावर फारसा परिणाम होणार नाही.' पाच दिवसांच्या सफरीनंतर या गटाने त्रास कमी झाल्याचं सांगितलं. शिवाय कोण कोणत्या गटात आहे हे माहीत नसलेल्या अधिकाऱ्यांनीही त्यांचं काम सरस ठरवलं. ही दुसरी गोष्ट महत्त्वाची. नुसत्या स्वतःच्या सांगण्यावर निष्कर्ष टेकलेला नाही.

आता स्वभावाकडे वळू. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत अँजेला डकवर्थ आणि सहकाऱ्यांनी चिकाटी, म्हणजे 'ग्रिट' मोजली. २००७ च्या त्यांच्या शोधनिबंधात, सुरुवातीचं खडतर उन्हाळी प्रशिक्षण कोण पूर्ण करेल याचा अंदाज प्रवेशाच्या एकत्रित गुणांपेक्षा ग्रिटवरून चांगला आला. पण २०१९ मध्ये ११ हजारांहून जास्त कॅडेट्सची माहिती तपासल्यावर चित्र आणखी स्पष्ट झालं: शैक्षणिक आणि लष्करी गुणांसाठी बौद्धिक क्षमता जास्त महत्त्वाची, चार वर्षांत पदवी पूर्ण करण्यासाठी ग्रिट आणि शारीरिक क्षमता दोन्ही.

फरक लक्षात आला का? २५ जणांच्या अभ्यासात विश्वास मुद्दाम बदलला होता, म्हणून 'विश्वासामुळे' म्हणता येतं. पण नमुना लहान, म्हणून निष्कर्ष सगळ्यांना लावताना जपून. ११ हजारांच्या अभ्यासात चिकाटी फक्त मोजली, कुणाला वाटून दिली नाही. म्हणून तिथे 'चिकाटीसोबत' एवढंच म्हणायचं.

तुम्ही एकदाच प्रश्नावली भरून घेऊन सहसंबंध काढणार असाल तर काहीच कमीपणा नाही. फक्त शीर्षकात 'परिणाम' ऐवजी 'सहसंबंध' लिहा. मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा यावरच येतो.