युरोपात गाडी बदलताना...

विशेष प्रतिनिधी, नाशिक

मनमाडला उतरून मराठवाड्याकडे जाणारी गाडी धरायची, ही कसरत नाशिककरांना नवी नाही. पहिली गाडी अर्धा तास उशिरा आली की फलाटावर होणारी घालमेलही परिचयाची. तरीही युरोपच्या सहलीचा बेत आखताना हाच अनुभवी प्रवासी दोन गाड्यांमध्ये वीस मिनिटांचे अंतर ठेवतो आणि 'तिकडे सगळे वेळेवर असते' असे म्हणून निर्धास्त होतो. हा समज अर्धाच खरा आहे. स्वित्झर्लंडमध्ये तीन मिनिटांपेक्षा अधिक उशीर झाला तर गाडी वेळेवर आली असे मानत नाहीत, आणि तरीही तेथील ९० टक्क्यांहून अधिक गाड्या वेळेवर पोहोचतात. शेजारच्या जर्मनीत मात्र २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या सुमारे ६२ टक्केच गाड्या वेळेवर होत्या, तेही सहा मिनिटांपर्यंतचा उशीर माफ करून. झुरिचला आठ मिनिटांत समोरच्या फलाटावरील गाडी निश्चिंतपणे पकडता येते. फ्रँकफर्ट किंवा कोलोन येथे एक तास ठेवावा, आणि ती त्या मार्गावरची दिवसाची शेवटची गाडी असेल तर त्या भरवशावर राहूच नये.

नियोजनाची सुरुवात वेळापत्रकापासून नव्हे, तर व्हिसापासून होते. शेंगेन क्षेत्रात आज २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ मध्ये सामील झाला, तर रुमानिया आणि बल्गेरिया यांच्या जमिनीवरील सीमा १ जानेवारी २०२५ पासून खुल्या झाल्या. या क्षेत्रात एकाच व्हिसावर १८० दिवसांच्या कालावधीत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज करावयाचा असतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करता येतो; ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा अनिवार्य आहे आणि प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो झाले आहे. बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः जावे लागते, त्यामुळे नाशिककरांना बहुधा मुंबईची एक फेरी ठरलेलीच. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही; त्याचा व्हिसा वेगळा. सर्बिया किंवा बोस्नियातून गाडी जाणार असेल, तर शेंगेन क्षेत्राबाहेर पडून पुन्हा आत येणे घडते. अशा वेळी एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल, तर प्रवास सीमेवरच संपतो.

खरा पेच येथेच आहे. युरोपातील लांब पल्ल्याच्या गाड्यांची भाडी विमानासारखी चढत जातात. आरक्षण साधारणतः तीन ते सहा महिने आधी खुले होते आणि स्वस्त तिकिटे पहिल्या काही आठवड्यांत संपतात. ही स्वस्त तिकिटे बहुधा परत करता येत नाहीत व त्याच गाडीपुरती चालतात. व्हिसा हाती नसताना ती काढली आणि व्हिसा नाकारला गेला, तर चौघांच्या कुटुंबाची मोठी रक्कम बुडते. ३३ देशांत चालणारा 'युरेल' पास या दृष्टीने सोयीचा ठरतो. तो युरोपाबाहेरील रहिवाशांसाठी असून, वापर सुरू केला नसल्यास सामान्यतः काही रक्कम कापून परत करता येतो. सवलतीच्या योजनेत घेतलेल्या पासाच्या अटी मात्र वेगळ्या असू शकतात. पास म्हणजे जागा, असाही घोटाळा करू नये. फ्रान्समधील टीजीव्ही, स्पेन व इटलीतील वेगवान गाड्या आणि युरोस्टार यांना पासधारकांनाही स्वतंत्र आरक्षण घ्यावे लागते व अशा काही गाड्यांत पासधारकांच्या जागा मर्यादित असतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड येथे बहुतेक गाड्यांत आरक्षणावाचून चढता येते. आपल्याकडची प्रतीक्षा यादी आणि आरएसी हा प्रकार तिकडे नाही. 'होईल कन्फर्म' या आशेला तेथे जागा नाही, हे एका परीने बरेच.

समजा, नाशिकरोडचे एक कुटुंब लंडनहून पॅरिस, झुरिचमार्गे मिलानला निघाले आहे. लंडन ते पॅरिस हा प्रवास आता सव्वादोन तासांचा आहे. भगूरचे विनायक दामोदर सावरकर १३ मार्च १९१० रोजी पॅरिसहून लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकात उतरले व तेथेच पकडले गेले, तेव्हा या वाटेवर इंग्लिश खाडी बोटीने ओलांडावी लागत असे. समुद्राखालचा बोगदा १९९४ मध्ये खुला झाला. युरोस्टारसाठी लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावर विमानतळासारखी सामानाची तपासणी होते आणि फ्रान्सचे अधिकारी पारपत्रही तेथेच पाहतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन क्षेत्रात येणाऱ्या परकीयांची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाल्याने येथे किमान दीड तास आधी पोहोचणे श्रेयस्कर. पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असते, हेही जोडवेळ मोजताना विसरू नये.

पॅरिसमध्ये गाडी गार द्यु नोर येथे थांबते. झुरिचची गाडी सुटते गार द लियों येथून. आपल्याकडे सीएसएमटीला उतरून मुंबई सेंट्रलची गाडी धरण्यासारखाच हा प्रकार. दोन्ही स्थानकांना जोडणारी 'आरईआर-डी' ही उपनगरी गाडी दुसऱ्याच थांब्याला पोहोचवते, तरी बॅगा, जिने व तिकीटयंत्रापुढील रांग धरून दीड तास हाताशी असावा. हमाल मिळतील हे गृहीत धरू नये. ज्येष्ठांसोबत जाणाऱ्यांनी बॅगांचे वजन घरीच उचलून पाहावे. फ्रान्समध्ये फलाट क्रमांक बहुधा गाडी सुटण्याच्या वीसेक मिनिटे आधीच जाहीर होतो आणि टीजीव्हीचे दरवाजे दोन मिनिटे आधी बंद होतात. पॅरिस ते झुरिच चार तास, तेथून गोथार्डच्या ५७ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून मिलान सव्वातीन तास. हा सर्व प्रवास एका दिवसात शक्य आहे. आमचे मत विचाराल तर झुरिचला मुक्काम करावा.

आता तिकिटांचा प्रश्न. हे तीन टप्पे तीन वेगवेगळ्या तिकिटांवर असतील, तर कायद्याच्या दृष्टीने ते तीन स्वतंत्र करार ठरतात. पहिली गाडी रखडली म्हणून पुढची चुकली, तर पुढच्या कंपनीवर तुम्हाला नेण्याचे बंधन उरत नाही. काही रेल्वे कंपन्यांनी आपसांत करार केले आहेत आणि त्यांचे कर्मचारी पुढील गाडीत बसवूनही घेतात. मात्र त्यासाठी उशीर झाल्याची नोंद पहिल्या गाडीतील तिकीट तपासनिसाकडून करून घ्यावी. संपूर्ण प्रवास एकाच थेट तिकिटावर असेल, तर चित्र पालटते. युरोपीय संघाचा ७ जून २०२३ पासून लागू झालेला नियम सांगतो, की अंतिम स्थानकी तासाभराहून अधिक उशीर होणार असेल तर प्रवाशाला पैसे परत घेण्याचा किंवा दुसऱ्या गाडीने पुढे जाण्याचा पर्याय मिळाला पाहिजे. प्रवास पूर्ण केल्यास एक ते दोन तासांच्या उशिराला भाड्याच्या २५ टक्के आणि त्यापुढे ५० टक्के भरपाई मिळते. अतिवृष्टी-वादळासारख्या असाधारण कारणांत ही भरपाई नाकारली जाऊ शकते, परंतु रेल्वे कर्मचाऱ्यांचा संप हे कारण त्यात धरलेले नाही.

एजंटमार्फत किंवा संकेतस्थळावरून तिकिटे घेणाऱ्यांसाठी आणखी एक तरतूद आहे. विक्रेत्याने स्वतःच वेगवेगळी तिकिटे जोडून एकाच व्यवहारात विकली आणि ती स्वतंत्र असल्याचे आधी स्पष्ट सांगितले नाही, तर गाडी चुकल्यास त्याला सर्व रक्कम आणि वर ७५ टक्के भरपाई द्यावी लागते. त्यामुळे तिकीट घेताना अटींमधील ती एक ओळ शोधावी. भारतीय रेल्वेने १ एप्रिल २०१९ पासून दोन पीएनआर जोडण्याची सोय दिली, तिचे सूत्र असेच आहे. मात्र आपल्याकडे न झालेल्या प्रवासाचे भाडे परत मिळते, पुढच्या गाडीत जागा नव्हे.

वेळापत्रकासाठी एके काळी थॉमस कुकचे जाडजूड पुस्तक बाळगत. १८७३ मध्ये सुरू झालेले ते प्रकाशन कंपनीने २०१३ मध्ये थांबवले. पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रकाशकाने त्याचे पुनरुज्जीवन केले. आज जर्मन रेल्वेच्या संकेतस्थळावर जवळपास साऱ्या युरोपच्या गाड्यांच्या वेळा पाहता येतात. नवे वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या मध्यास लागू होते, म्हणून नाताळच्या सुटीतील तिकिटे अनेकदा उशिरा खुली होतात.

भरपाईचा अर्ज नाशिकला परतल्यावरही करता येतो. मुदत साधारणतः तीन महिन्यांची असते, तोवर मूळ तिकीट व उशिराची नोंद जपून ठेवावी. कंपनीने प्रवास-कूपन देऊ केले तरी ते घेण्याची सक्ती नाही. रक्कम पैशांतच हवी, असे अर्जात लिहावे.