सूचकाची सही आणि अनामत रक्कम

तामिळनाडूतील मोडाकुरिची विधानसभा मतदारसंघात १९९६ साली एका जागेसाठी १,०३३ उमेदवार उभे होते. मतदान महिनाभर पुढे गेले आणि मतपत्रिकेचे चक्क पुस्तक छापावे लागले. ८८ उमेदवारांना एकही मत पडले नाही, म्हणजे त्यांचे स्वतःचेसुद्धा नाही! त्याच वर्षी लोकसभेसाठी नलगोंडा येथे ४८०, तर बेळगावात ४५६ उमेदवार होते.

हा पोरखेळ नव्हता, असे आम्हांस वाटते. नलगोंड्याच्या लोकांना फ्लोराइडमुक्त पाणी हवे होते. बेळगावचे मराठीभाषक सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधू पाहत होते. ज्यांच्या अर्जविनंत्यांना दाद मिळत नव्हती, त्यांनी उमेदवारीचा अर्जच निवेदन म्हणून वापरला. त्या काळी विधानसभेची अनामत रक्कम अवघी २५० रुपये, लोकसभेची ५०० होती, आणि एका सूचकाची सही पुरत असे.

त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली. अनामत अनुक्रमे ५,००० आणि १०,००० रुपयांवर गेली. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एकच सूचक पुरे. अपक्षास मात्र त्याच मतदारसंघातील दहा मतदारांच्या सह्या आवश्यक ठरल्या. परिणाम तत्काळ दिसला. १९९६ मध्ये लोकसभेला देशभरातून १३,९५२ उमेदवार होते, ते १९९८ मध्ये ४,७५० वर आले.

आमच्या मते या दोन अटी एका मापाच्या नाहीत. दहा सह्या मिळवायच्या तर माणसाला दहा दारांपुढे उभे राहावे लागते. शेजाऱ्यांचा थोडासा विश्वास तरी पदरी असावा लागतो. ही कसोटी रास्त आहे. (पक्षाच्या उमेदवाराला ती का नसावी, हे कोडे आम्हांला सुटलेले नाही.) अनामत रकमेचे तसे नाही. वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते न पडल्यास ती जप्त होते. धनिकाला त्याचे काहीच वाटत नाही, शेतमजुराचे वर्ष बुडते. २००९ च्या दुरुस्तीने तर लोकसभेसाठी ती २५,००० वर नेली.

तरीही २०१९ साली तेलंगणातील निजामाबाद येथे १८५ उमेदवार उभे राहिले. त्यांतील बहुतेक हळद व ज्वारी पिकवणारे शेतकरी होते. हमीभाव आणि हळद मंडळ ही त्यांची मागणी. प्रत्येक मतदान केंद्रावर बारा मतदान यंत्रे ओळीने मांडावी लागली. विद्यमान खासदार पराभूत झाल्या. राष्ट्रीय हळद मंडळ जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाले, तेही निजामाबादेतच.