बंदुकीचे कूळ आणि मूळ

जुन्या वस्तूचे मोल तिच्या वयावरून ठरविण्याचा आपला प्रघात आहे. बंदुकीच्या बाबतीत मात्र वयाआधी कूळ विचारावे लागते. ते चुकले तर इतिहास चुकतोच, शिवाय ती खांद्याला लावणाऱ्याचा डोळाही जाऊ शकतो. मार्टिनी-हेन्री या एकबारी रायफलीच्या उदाहरणावरून आम्ही ही गोष्ट वाचकांपुढे मांडू इच्छितो.

ब्रिटिश सैन्याने ही रायफल १८७१ साली स्वीकारली. हिच्या यंत्रणेची मूळ कल्पना अमेरिकेतील पीबडी यांची, १८६२ सालची. स्वित्झर्लंडच्या फ्रेडरिक फॉन मार्टिनी यांनी बाहेरचा घोडा काढून टाकला व आघाताची कळ आत बसविली. नळीतील सात खाचांची रचना एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्री यांची. दोघांची नावे जोडून रायफलीचे बारसे झाले. दस्त्याखालची तरफ खाली ओढली की नळीमागचा पोलादी ठोकळा पुढच्या टोकाने खाली झुकतो व रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते. नवे काडतूस सारून तरफ वर घेतली की बंदूक सज्ज होते.

२२ जानेवारी १८७९ या एकाच दिवशी दक्षिण आफ्रिकेत इसांडल्वाना येथे ही रायफल हाती असलेले ब्रिटिश सैन्य झुलूंपुढे नष्ट झाले, आणि रोर्क्स ड्रिफ्ट येथे तिच्याच बळावर मूठभर शिपायांनी ठाणे राखले. पुढे सुदानच्या मोहिमेत, १८८५ साली, पातळ पितळी पत्र्याची काडतुसे तापलेल्या नळीत अडकू लागली. १८८८ साली ली-मेटफर्ड आली आणि मार्टिनीचे दिवस भरले. १८५७च्या उठावानंतर हिंदी शिपायांच्या हाती गोऱ्या सैनिकांहून एक पिढी जुने शस्त्र द्यावे, असे सरकारचे धोरण होते. त्यामुळे गोऱ्यांनी खाली ठेवलेली मार्टिनी हिंदी पलटणींच्या वाट्याला आली. नेपाळच्या शस्त्रागारातही ती साठत गेली. तो काठमांडूचा साठा २००३ साली दोन अमेरिकन कंपन्यांनी विकत घेतला आणि शेकडो हौशी लोकांच्या हाती या बंदुका पडल्या.

बंदुकीची ओळख तिच्या उजव्या अंगावर कोरलेली असते. वर राजमुकुट, त्याखाली राणी व्हिक्टोरियाची ‘व्ही. आर.’ ही अक्षरे, मग कारखान्याचे नाव, साल आणि शेवटी आवृत्तीचा अंक. अशा चार मुख्य आवृत्त्या निघाल्या. टोकाला टोक भिडलेले दोन बाण दिसले तर ती बंदूक सरकारी सेवेतून विकली गेली, असे समजावे. परंतु मुद्राही खोटे बोलते. खैबर खिंडीच्या परिसरातील लोहारांनी हुबेहूब नकला घडविल्या. त्यांत ‘एनफील्ड’ शब्दातील इंग्रजी अक्षर कधी उलटे पडले, तर कधी राणीच्या अक्षरांखाली १९०१ नंतरचे साल आले. राणी तर १९०१च्या जानेवारीतच निवर्तली होती! नेपाळी ‘गहेंद्र’ रायफल आणखी फसवी. बाहेरून ती मार्टिनीच भासते, पण आतली रचना निराळी असते. अशा बंदुका भिंतीवरच शोभतात.

आपल्या देशात १९७२च्या कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. अमेरिकेत मात्र हरणाच्या शिकारीसाठी अशी अस्सल रायफल पुन्हा कामाला लावणारे आहेत. त्यातले जाणते प्रथम नळी रिकामी असल्याची खात्री करतात. मग दगडासारखे झालेले वंगण विरघळवितात. मऊ शिशाची गोळी नळीतून ठोकून काढतात आणि तिच्यावर उमटलेल्या खाचांवरून नळीचे खरे माप घेतात. कारण कागदावरचे ११.४३ मिलिमीटर आणि प्रत्यक्षातले माप सारखे नसते. ठोकळा नळीला घट्ट भिडतो की नाही, दस्त्याला चीर आहे की काय, हे अनुभवी बंदूककारागिराकडून तपासून घेतात. दस्त्याला जवसाचे तेल देतात, पण पोलाद घासून चकचकीत करीत नाहीत. त्या घासण्यात मुद्रा पुसली जाते आणि बंदूक अनाथ होते.

मूळ काडतुसात सुमारे ५.५ ग्रॅम काळी दारू व ३१ ग्रॅमची गोळी असे. आधुनिक धूरविरहित दारूचा दाब या जुन्या पोलादासाठी नाही. तिचा मोह प्राणघातक ठरू शकतो. काळ्या दारूची राख हवेतील ओल शोषते, म्हणून त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवावी लागते. गोळी जड व मंद असल्याने तिचा मार्ग लवकर खाली झुकतो. शिकाऱ्याने जवळ जावे, नेम पक्का असेल तरच चाप ओढावा. दुसरी गोळी भरेपर्यंत जखमी जनावर रानात नाहीसे होते.

जीर्णोद्धार म्हणजे जुन्याला नवे करणे नव्हे. वस्तू काय आहे हे ओळखणे, तिला झेपेल तेवढेच तिच्याकडून मागणे आणि झेपणार नसेल तर तिला सन्मानाने विश्रांती देणे, हाच आमच्या मते त्याचा खरा अर्थ आहे.