शालेय प्रवास साहाय्य (महाराष्ट्र)

शालेय प्रवास साहाय्य म्हणजे विद्यार्थ्यांना पायी, सायकलने किंवा वाहनाने सुरक्षितपणे शाळेत जाता यावे, यासाठी केला जाणारा शासकीय खर्च होय. महाराष्ट्रात तो एकाच योजनेतून न होता निरनिराळ्या विभागांमार्फत होतो. सिंधुदुर्गासारख्या डोंगराळ, भरपूर पावसाच्या जिल्ह्यात त्यात साकवांना विशेष महत्त्व आहे.

कायदेशीर आधार
बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार प्राथमिक शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या व उच्च प्राथमिक शाळा ३ किलोमीटरच्या आत असावी, असे अपेक्षित आहे.

साहाय्याचे प्रकार
वाहतूक भत्ता : समग्र शिक्षा अभियानात आठवीपर्यंतच्या पात्र विद्यार्थ्यांच्या वाहतुकीसाठी वा सोबतीसाठी वार्षिक ६,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे.
सायकल : मानव विकास कार्यक्रमांतर्गत निवडक मागास तालुक्यांत शाळेपासून ५ किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या, आठवी ते बारावीतील गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. २०२२ मध्ये ते ३,५०० वरून ५,००० रुपये करण्यात आले.
एस. टी. प्रवास : अहिल्याबाई होळकर योजनेतून पाचवी ते बारावीच्या मुलींना मोफत पास मिळतो.

सिंधुदुर्ग जिल्हा
येथील गावे विखुरलेल्या वाड्यांची असून वाडी व शाळा यांच्यामध्ये बहुधा एखादा व्हाळ (ओढा) असतो. उन्हाळ्यात कोरडा असणारा व्हाळ पावसाळ्यात काही तासांत दुथडी भरतो. त्यावरून जाण्यासाठी पूर्वी ग्रामस्थ माडाचे किंवा पोफळीचे खोड आडवे टाकून साकव घालीत. शेवाळाने निसरडे झालेले हे खोड लहान मुलांसाठी धोक्याचे ठरे. आता काँक्रीटचे साकव प्रामुख्याने जिल्हा वार्षिक योजनेच्या निधीतून बांधले जातात. चढउताराच्या पायवाटांवर सायकलचा उपयोग मर्यादित असल्याने पायी जाणाऱ्या मुलांना साकवाचाच आधार असतो.

मर्यादा
भत्त्याची पात्रता अंतरावर ठरते. वाटेतील धोका त्यात मोजला जात नाही. त्यामुळे शाळा अर्ध्या किलोमीटरवर असूनही व्हाळ भरल्यावर मूल घरी राहते आणि नियमानुसार मात्र शाळा ‘जवळ’ असते. साकवाची नोंद शिक्षणाच्या खर्चात न होता बांधकामात होते. २०२३ मध्ये राज्याने कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार मांडला. वाडीतील शाळा दूर गेल्यास ओलांडावे लागणारे व्हाळही वाढू शकतात. म्हणून शाळेच्या वाटेचा प्रश्न या जिल्ह्यात शिक्षणाच्या हक्काशी थेट जोडलेला आहे.